पाठीवरचं बिऱ्हाड

स्क्रिप्ट कधीच एकटी नसते. चाळीस ओळींची असली तरी तिला एक इंटरप्रिटर, म्हणजे तिच्या ओळी वाचून चालवणारा प्रोग्राम, लागतो, त्याची ठरावीक आवृत्ती लागते, दोन-चार लायब्ररी लागतात आणि त्या कुठे सापडतील हे सांगणारे पाथ लागतात. लिहिणाऱ्याच्या मशीनवर हे सगळं आधीपासून असतं, म्हणून ते त्याच्या नजरेला येत नाही. तीच फाइल दुसऱ्याला दिली की पहिला प्रश्न येतो, "हे उघडायचं कशात?"

मला हा प्रश्न विचारला तो डीटीपीचं काम करणाऱ्या एका काकांनी. साताऱ्याकडे त्यांचं छोटं सेंटर आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, पतपेढ्यांची वार्षिक पुस्तकं आणि दसऱ्याच्या आधीपासून दिवाळी अंकांची धावपळ. त्यांच्याकडे कित्येक वर्षांचा मजकूर युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टांमध्ये पडून होता. अशा फाइलीत 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी 'क'चं चित्र बसवलेलं असतं, आणि तो फॉन्ट मशीनवर नसला की पानभर नुसती इंग्रजी अक्षरं उमटतात. हा मजकूर युनिकोडमध्ये आणणं म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरं घालणं एवढंच नव्हे. जुन्या फॉन्टांत मजकूर दिसतो त्या क्रमाने टाइप केलेला असतो. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. रफाराचं याच्या बरोबर उलट. तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो म्हणून टाइपही नंतर होतो; युनिकोडमध्ये 'र्' आधी यावा लागतो. 'मार्मिक' हा एक शब्द घ्या. फाइलीत म, काना, वेलांटी, म, रफार, क असा क्रम असतो. तो उलगडून म, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क असा लावायचा, आणि मधे जोडाक्षर असेल तर वेलांटी अख्खं जोडाक्षर ओलांडून पलीकडे न्यायची.

हे काम करणारी स्क्रिप्ट मी लुआ भाषेत लिहिली होती. काकांना म्हटलं, आधी लुआ इन्स्टॉल करावं लागेल. ते म्हणाले, "अरे, मला तुझं लुआ नको. मला माझा मजकूर हवाय."

हे वाक्य मला पूर्णपणे पटलं. त्यांच्या मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड कुणाकडे आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं, आणि ज्या मशीनवर जुन्या फाइली होत्या त्याला इंटरनेट मुद्दामच जोडलेलं नव्हतं. शिवाय फोनवरून एखाद्याला "आता कंट्रोल पॅनेलमध्ये जा, आता पाथ बदला" असं सांगत बसणं मला बरोबर वाटत नाही. ज्याला फक्त निकाल हवा आहे, त्याने माझ्या कामाची अख्खी मांडणी स्वतःच्या घरी उभी करावी, असं आपण नकळत मागत असतो. स्क्रिप्ट द्यायची आणि एकच एक्झिक्युटेबल, म्हणजे थेट चालणारी, फाइल बाहेर पडेल असं कमांड लाइनवरचं एक टूल करायचं मी ठरवलं, ते यासाठी. वेगासाठी नाही, कोड लपवण्यासाठी तर नाहीच.

लुआ या कामाला फार अनुकूल निघाली, आणि त्याचं कारण तिच्या जन्मात आहे. १९९३मध्ये रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात, टेकग्राफ नावाच्या गटात रोबेर्तो इएरुसालिम्स्की, लुइझ एन्रिके दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी ती घडवली. परदेशी हार्डवेअर-सॉफ्टवेअरच्या आयातीवर ब्राझीलने बरीच वर्षं कडक बंधनं घातली होती, त्यामुळे हवं ते साधन स्वतःच घडवायची सवय तिथल्या गटांना लागली होती. टेकग्राफचं मोठं ग्राहक म्हणजे तिथली तेल कंपनी पेट्रोब्रास. तिथल्या इंजिनिअरांना डेटा भरायला आणि आकृत्या मांडायला सोप्या, छोट्या भाषा हव्या होत्या. त्यातून आधी दोन लहान भाषा झाल्या आणि मग त्यांच्या जागी लुआ आली. म्हणजे ही भाषा पहिल्यापासून दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रामच्या पोटात राहण्यासाठीच बनली आहे. मुळात ती सी भाषेतली एक लायब्ररी आहे. आपण टर्मिनलवर जी 'लुआ' कमांड चालवतो, तो त्या लायब्ररीला हाक मारणारा एक छोटा सी प्रोग्राम. सगळी प्रमाणित लायब्ररी धरूनही तो तीनशे केबीच्या आसपास बसतो. पेन ड्राइव्हवर, मेलमध्ये, कुठेही.

स्क्रिप्टला प्रोग्रामसारखं वागवायची धडपड जुनी आहे. १९८०च्या जानेवारीत बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी युनिक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, एक बदल केल्याचं कळवलं. फाइलीचे पहिले दोन बाइट '#!' असतील, तर पुढे लिहिलेला इंटरप्रिटर कर्नलने स्वतःच सुरू करायचा आणि ही फाइल त्याच्या हाती द्यायची. दोन बाइटांची ही युक्ती आजही प्रत्येक लिनक्स मशीनवर रोज चालते. तिच्यामुळे स्क्रिप्टला आपला इंटरप्रिटर कोणता हे सांगता आलं. तो सोबत नेता मात्र आला नाही.

सोबत नेण्याचा मार्ग एका साध्या गोष्टीतून निघतो, आणि ती पहिल्यांदा नीट उमगली तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता. ऑपरेटिंग सिस्टम एक्झिक्युटेबल फाइल सुरुवातीपासून वाचते. लिनक्सची ईएलएफ फाइल १२७ या बाइटने आणि मग ई, एल, एफ या तीन अक्षरांनी सुरू होते. विंडोजची फाइल एम आणि झेडने सुरू होते. डॉसच्या काळात हा साचा ठरवणाऱ्या मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं. पुढच्या हेडरमध्ये लिहिलेलं असतं की कुठून कुठपर्यंतचे बाइट मेमरीत घ्यायचे. त्यापलीकडे फाइलीच्या शेवटी आणखी काही जोडलेलं असेल तर सिस्टम त्याकडे बघतही नाही. तक्रार करत नाही, वाचतही नाही. याउलट झिप फाइल शेवटाकडून वाचली जाते. फिल कॅट्झ यांनी १९८९मध्ये आणलेल्या या साच्यात आतल्या फाइलींची यादी शेवटी असते, म्हणून झिप उघडणारा प्रोग्राम आधी शेपटाकडे जातो. एकाला फक्त डोकं हवं, दुसऱ्याला फक्त शेपूट. त्यामुळे दोघं एकाच फाइलीत एकमेकांना न अडता राहू शकतात. आपोआप उलगडणाऱ्या झिप फाइली याच जोरावर चालत आल्या. लुआत गेम लिहिणारे लोक 'लव्ह' नावाचं इंजिन वापरतात, तिथेही हेच: इंजिनाची एक्झिक्युटेबल आणि गेमची झिप एकामागे एक चिकटवायची, झाला गेम तयार. विंडोजवर त्यासाठी साधी 'कॉपी' कमांडसुद्धा पुरते.

म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. मी टूलचं नावही 'बिऱ्हाड' ठेवलं.

ही कल्पना माझी नव्हे, हे आधीच सांगतो. लुआच्या तीन कर्त्यांपैकी फिगेरेदो यांनीच 'एसआरलुआ' नावाचं छोटं साधन लिहिलेलं आहे, ते अगदी असंच काम करतं. टीसीएल भाषेच्या लोकांनी २००२च्या सुमारास 'स्टारपॅक' या नावाने इंटरप्रिटर, स्क्रिप्ट आणि आतल्याआत एक फाइल सिस्टम असं सगळं एका फाइलीत घातलं होतं. आज तो प्रकार बघितला तरी त्यातली सफाई जाणवते. पुढे डेनोने २०२०च्या डिसेंबरात जावास्क्रिप्टसाठी 'कंपाइल' ही कमांड आणली, नोडने २०२३मध्ये तशी सोय केली. पण त्यांच्या पोटात व्ही८ हे अख्खं इंजिन असतं, त्यामुळे 'नमस्कार' छापणारा प्रोग्रामही कित्येक एमबींचा होतो.

दुसरा मार्गही होता. स्क्रिप्टचे बाइट सी भाषेतला एक लांबलचक अ‍ॅरे म्हणून लिहायचे आणि लुआची लायब्ररी जोडून सी कंपाइलरने सगळं एकत्र कंपाइल करायचं. हे काम 'एक्सएक्सडी'सारख्या जुन्या साधनाने एका ओळीत होतं, आणि सी२३ या नव्या प्रमाणात तर '#एम्बेड' नावाची सोय भाषेतच आली आहे. 'लुआस्टॅटिक' हे टूल याच वाटेने जातं. त्यातून निघणारी फाइल जास्त नेटकी असते, शेपटाची भानगड नाही. पण टूल वापरणाऱ्याकडे सी कंपाइलर हवा. मला ते नको होतं. उद्या एखाद्या शाळेतल्या शिक्षकाने लुआत निकालपत्रकाचा हिशोब लिहिला, तर त्यालाही आपली एक्झिक्युटेबल कंपाइलरशिवाय करता यायला हवी. म्हणून आधीच कंपाइल करून ठेवलेला कोरा स्टब, म्हणजे पोटात लुआ असलेला पण स्क्रिप्ट नसलेला प्रोग्राम, आणि त्याच्या मागे स्क्रिप्ट, हाच मार्ग घेतला.

रचना अशी. आधी स्टब, मग स्क्रिप्ट आणि तिची मॉड्युलं (तिला लागणाऱ्या वेगळ्या फाइली) एकामागून एक, आणि सगळ्यात शेवटी सोळा बाइटांची तळटीप. त्यातले आठ बाइट खुणेचे, आठ बाइट लांबीचे. स्टब सुरू झाला की तो स्वतःचीच फाइल उघडतो, शेवटचे सोळा बाइट वाचतो, खूण जुळली तर लांबीइतका मागे सरकतो आणि तिथून स्क्रिप्ट मेमरीत घेतो. डिस्कवर काही उलगडत नाही, टेम्प फोल्डरमध्ये काही सोडत नाही. पायथनच्या जगात पायइन्स्टॉलर एकाच फाइलीचा प्रोग्राम करतो तेव्हा तो दर वेळी सगळं टेम्प फोल्डरमध्ये उलगडून मग चालवतो. पायथनला ते भागच आहे, त्याच्यासोबत ढीगभर डीएलएल (लायब्ररीच्या फाइली) असतात. लुआला गरज नाही.

'स्वतःचीच फाइल उघडतो' हे लिहायला तीन शब्द लागतात, करायला मात्र प्रत्येक सिस्टमवर वेगळी वाट आहे. प्रोग्रामला त्याच्या नावाने जे पहिलं आर्ग्युमेंट (सुरू होताना हाती दिलेली माहिती) मिळतं त्यावर विसंबता येत नाही, कारण ते हाक मारणाऱ्याने दिलेलं असतं आणि तो काहीही देऊ शकतो. लिनक्सवर 'प्रॉक'मधली 'सेल्फ/एक्झे' ही लिंक खरं सांगते. विंडोजवर आणि मॅकवर त्यासाठी वेगवेगळी सिस्टम फंक्शनं आहेत. आणखी एक: लिनक्सवर चालू असलेल्या एक्झिक्युटेबलमध्ये लिहिता येत नाही, कर्नल 'टेक्स्ट फाइल बिझी' म्हणून परत पाठवतो. म्हणून टूल नेहमी स्टबची नवी प्रत काढतं आणि तिच्या मागे जोडतं. 'स्ट्रिप' ही कमांड तर अशा फाइलीची वैरीण. ती फाइल हलकी करताना हेडरमध्ये नोंद नसलेलं सगळं कापून टाकते, म्हणजे नेमकी आपली स्क्रिप्टच.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीवर रिची यांचे ते दोन बाइट असतील तर काय होतं, हे लुआच्या अंतरंगातलं एक बारीक कोडं आहे. लुआ फाइलीवरून स्क्रिप्ट वाचते तेव्हा '#'ने सुरू होणारी पहिली ओळ ती गुपचूप वगळते. पण तीच स्क्रिप्ट मेमरीतून दिली की वगळत नाही. सरळ व्याकरणाची चूक दाखवते. हे काम फाइल वाचणाऱ्या फंक्शनचं आहे, भाषेचं नाही. म्हणून बांधताना ती ओळ आपणच काढायची. पण तिच्या जागी एक रिकामी ओळ ठेवायची, नाहीतर पुढचे सगळे ओळक्रमांक एकाने सरकतात.

ओळक्रमांकांबद्दल मी इतका काटेकोर आहे याला कारण आहे. स्क्रिप्ट आहे तशी जोडायची की आधी तिचं बाइटकोड, म्हणजे लुआला थेट चालवता येणारं रूप, करून, असा एक निर्णय घ्यावा लागतो. लुआचं बाइटकोड बघायला मोठं गमतीचं. त्याच्या हेडरमध्ये दोन बाइट असतात, हेक्साडेसिमलमध्ये १९ आणि ९३. भाषेचं जन्मवर्ष. त्यापुढे ओळ संपवणारे काही खास बाइट, जेणेकरून मधल्या कुणी फाइलीला साधा मजकूर समजून तिच्या ओळी बदलल्या असतील तर लगेच कळावं. मग हेक्साडेसिमलमधली ५६७८ ही संख्या, बाइटांचा क्रम तपासायला. आणि ३७०.५ हा अपूर्णांक, दशांश संख्या याही मशीनवर तशाच साठवल्या जातात ना हे बघायला. इतकी काळजी घेतली आहे, कारण एका आवृत्तीचं बाइटकोड दुसऱ्या आवृत्तीवर चालत नाही. इथे स्टब आणि स्क्रिप्ट एकत्रच प्रवास करतात, म्हणून तो धोका नव्हता. पण बाइटकोडने प्रोग्राम वेगाने चालत नाही, फक्त लोड व्हायचा वेळ किंचित वाचतो. आणि आकार कमी करायला त्यातली डीबगची माहिती काढून टाकली, तर चूक दाखवणाऱ्या संदेशातून फाइलीचं नाव आणि ओळक्रमांक नाहीसे होतात. साताऱ्याहून काका मला चूक दाखवणारा संदेश कसा पाठवणार? स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर. त्या फोटोत फाइलीचं नाव आणि ओळक्रमांक दिसला पाहिजे, बाकी सगळं नंतर. म्हणून 'बिऱ्हाड' स्क्रिप्ट जशीच्या तशी जोडतं.

यावर हटकून येणारा आक्षेप: मग कोड उघडाच राहिला की. राहिला. बरेच लोक असं टूल शोधतात ते कोड लपवायलाच, आणि याबाबत त्यांच्याशी प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. शेल स्क्रिप्टसाठी 'एसएचसी' नावाचं टूल फार वर्षांपासून आहे. ते स्क्रिप्ट आरसी४ या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद करतं आणि त्याभोवती सी प्रोग्राम गुंडाळतं. पण कुलूप उघडायची किल्ली त्याच फाइलीत ठेवावी लागते, नाहीतर प्रोग्राम चालणारच कसा? चालताना तो स्क्रिप्ट उलगडून शेवटी शेलच्याच हाती देतो, म्हणजे शेल मशीनवर असावा लागतोच. अशा फाइलीत डेटाबेसचा पासवर्ड ठेवून निर्धास्त राहिलेले लोक मी पाहिले आहेत, आणि मला त्यांची खरोखर काळजी वाटते. ज्या मशीनला प्रोग्राम चालवता येतो, त्या मशीनसमोर बसलेल्या माणसाला तो वाचताही येतो; थोडा वेळ लागतो इतकंच. पासवर्ड प्रोग्रामच्या बाहेरच ठेवायचा, बांधणी कुठलीही असो.

मी उलट्या दिशेला गेलो. 'बिऱ्हाड'ने बांधलेल्या प्रत्येक प्रोग्रामला 'सोर्स' असा पर्याय देता येतो. तो दिला की प्रोग्राम चालण्याऐवजी आपल्या पोटातली स्क्रिप्ट आणि मॉड्युलं शेजारच्या फोल्डरमध्ये काढून ठेवतो. लिहिणारा गाव सोडून गेला, मेल बंद झाला, नोकरी बदलली, तरी हाती असलेली एक फाइल तिचं मूळ परत देऊ शकते. कित्येक कचेऱ्यांत असे प्रोग्राम रोज चालतात ज्यांचा सोर्स कुणाकडेच उरलेला नाही, आणि एक रकाना वाढवायचा झाला तरी सगळं नव्याने लिहावं लागतं. माझ्या हातून असा प्रोग्राम बाहेर पडू नये, एवढं तरी माझ्या हातात होतं.

मॉड्युलं गोळा करणं हा भाग वरून जितका सोपा दिसतो तितका नाही. स्क्रिप्टमध्ये 'रिक्वायर' करून अवतरणात नाव दिलेलं असेल तर ते शोधून काढता येतं. पण नाव चालताना जोडून तयार होत असेल, म्हणजे 'फॉन्ट' या शब्दापुढे वापरणाऱ्याने निवडलेलं नाव लावून ते मॉड्युल मागवलं जात असेल, तर नुसता मजकूर वाचून ते कळणं शक्य नाही. पायइन्स्टॉलरवाल्यांना हा त्रास 'हिडन इम्पोर्ट' या नावाने चांगला माहीत आहे. माझ्या रूपांतराच्या स्क्रिप्टमध्ये नेमकं हेच होतं. प्रत्येक जुन्या फॉन्टचा तक्ता हे वेगळं मॉड्युल. हुशारीने अंदाज करणारं टूल कधीतरी चुकतं, आणि चुकतं ते दुसऱ्याच्या मशीनवर. म्हणून 'बिऱ्हाड' अंदाज करत नाही. जे दिसतं ते घेतं, जिथे नाव जोडून तयार होताना दिसतं तिथे बांधणी थांबवून ओळ दाखवतं आणि कोणतं फोल्डर सोबत घ्यायचं ते विचारतं. सी भाषेतली मॉड्युलं ते घेतच नाही, कारण ती मेमरीतून लोड करायला सिस्टम सहज तयार होत नाही. जी हमखास लागतात ती, फाइल सिस्टमची आणि एलपेग ही पॅटर्न जुळवणारी लायब्ररी, मी स्टबमध्येच बसवून टाकली.

लिनक्सवर स्टब मसल या सी लायब्ररीशी स्टॅटिक जोडला, म्हणजे ती लायब्ररी स्टबच्या आतच आली. नेहमीच्या ग्लिब्सीशी जोडला असता तर नव्या मशीनवर बांधलेली फाइल जुन्या मशीनवर 'ही आवृत्ती सापडली नाही' म्हणून अडली असती. विंडोजचा स्टब लिनक्सवरच बसून, झिग भाषेसोबत येणाऱ्या सी कंपाइलरने तयार होतो. या दोन्ही गोष्टी आज इतक्या सहज होतात की त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

खरी कसोटी लागली ती देवनागरी नावांवर. काकांची काम करायची पद्धत अशी की फाइल माउसने उचलायची आणि प्रोग्रामच्या चिन्हावर नेऊन सोडायची. विंडोज त्या फाइलीचा पाथ आर्ग्युमेंट म्हणून देते. आणि काकांच्या फाइलींची नावं 'दिवाळी अंक मुखपृष्ठ', 'पतपेढी अहवाल मार्च' अशी. सी भाषेच्या साध्या 'मेन' फंक्शनला विंडोज आर्ग्युमेंटं देते ती मशीनच्या कोडपेजमध्ये, म्हणजे ठरावीक भाषांपुरत्या अक्षरांच्या जुन्या तक्त्यात, बदलून. रशियनसाठी १२५१ क्रमांकाचं कोडपेज आहे, ग्रीकसाठी १२५३, थाईसाठी ८७४. मराठी किंवा हिंदीसाठी असं कोडपेज विंडोजने कधी केलंच नाही. विंडोज २०००मध्ये या भाषा आल्या त्या थेट युनिकोडवर. त्यामुळे देवनागरी नाव साध्या 'मेन'पर्यंत पोचतं ते नुसत्या प्रश्नचिन्हांच्या रांगेत, आणि त्या नावाची फाइल अर्थातच सापडत नाही. युरोपात बसून टूल लिहिणाऱ्याला हे कधी दिसतही नाही. त्याची अक्षरं त्याच्या कोडपेजमध्ये असतात, सगळं सुरळीत चालतं.

२०१९मध्ये आलेल्या विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे त्याच्या माहितीच्या तुकड्यात, 'माझं कोडपेज युटीएफ-८' (युनिकोड साठवायची एक पद्धत) असं लिहिता येतं, आणि प्रश्न मिटतो. पण छोट्या सेंटरांमधली मशीनं त्याहून जुनी असतात. म्हणून दुसरा, कष्टाचा मार्ग घेतला. आर्ग्युमेंटं रुंद अक्षरांच्या, म्हणजे विंडोजच्या आतल्या युनिकोडच्या, रूपात घ्यायची, त्यांचं युटीएफ-८ करून लुआला द्यायचं, आणि लुआ फाइल उघडायला जाईल तेव्हा मधे आपलं फंक्शन उभं करून पुन्हा रुंद अक्षरांत उलटवायचं. उघडणं, नाव बदलणं, पुसणं, प्रत्येकासाठी वेगळं. स्टब कंपाइल करताना मूळ लुआच्या कोडला हात न लावता हे करता येतं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. तो साधं 'उघड' म्हणतो आणि 'पतपेढी अहवाल मार्च' उघडते. या एका भागावर मी सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि या टूलमधलं मला सगळ्यात प्रिय काम विचाराल तर तेच.

काळ्या खिडकीचंही असंच. चिन्हावर डबल-क्लिक केलं की ती क्षणभर उघडते आणि संदेश वाचायच्या आत मिटते. प्रत्येक वेळी 'एंटर दाबा' म्हणून थांबावं, तर जो टर्मिनलवरून किंवा दुसऱ्या स्क्रिप्टमधून चालवतो त्याचं काम अडतं. त्यावर विंडोजमध्ये एक छान सोय आहे: या कन्सोलला किती प्रोसेस जोडलेल्या आहेत हे विचारता येतं. उत्तर एक आलं, तर खिडकी आपल्यासाठीच उघडली आहे, म्हणजे कुणीतरी डबल-क्लिक केलंय, थांबायचं. जास्त आलं तर मुकाट बाहेर पडायचं, आणि स्क्रिप्टने दिलेला एक्झिट कोड प्रामाणिकपणे पुढे द्यायचा.

अँटीव्हायरसचं कोडं मात्र पूर्ण सुटलेलं नाही, आणि ते एकट्या माणसाने सुटणारंही नाही. शेपटीला अनोळखी डेटा असलेली, कुणाची सही नसलेली, कालपर्यंत जगात नसलेली फाइल त्यांना संशयास्पद वाटते. वाईट हेतूचे लोकही स्क्रिप्ट अशाच बांधतात, त्यामुळे एका स्टबवर आलेला ठपका त्याच स्टबच्या सगळ्या भल्या प्रोग्रामांवर पडतो. सहीचं प्रमाणपत्र दरवर्षी विकत घेणं छोट्या माणसाला परवडत नाही. मी एवढंच केलं की तीच स्क्रिप्ट आणि तोच स्टब असेल तर बांधलेली फाइल बाइटागणिक तीच निघते. आतल्या मॉड्युलांचा क्रम नावानुसार, तारीख-वेळ कुठेच नाही. त्यामुळे ज्याला शंका असेल त्याने स्वतः बांधून दोन्हींचा हॅश, म्हणजे फाइलीच्या बाइटांवरून निघणारा ठसा, ताडून पाहावा. मॅकवर तर शेपूट चालतच नाही: अ‍ॅपलच्या नव्या चिप्सवर सहीशिवाय प्रोग्राम सुरू होत नाही, आणि मागे काही चिकटवलेली फाइल सही करणारं साधन स्वीकारत नाही. तिथे स्क्रिप्ट फाइलीच्या रीतसर सेगमेंटमध्येच, म्हणजे हेडरमध्ये नोंद असलेल्या भागातच, घालावी लागते, नोडने जसं केलं आहे तसं. तो भाग मी अजून लिहितो आहे.

लुआचा परवाना एमआयटीचा आहे, अगदी उदार. त्याची अट एकच: सोबत त्यांची कॉपीराइटची आणि परवान्याची नोंद ठेवा. एक फाइल देताना ही नोंद ठेवायची कुठे, हा प्रश्न अनेक टूल सोडून देतात. 'बिऱ्हाड'ने बांधलेल्या प्रोग्रामला 'परवाना' असा पर्याय दिला की आत वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीची नोंद तो छापतो. रिओतल्या तीन माणसांचं काम साताऱ्यात पोचतं, तर त्यांची नावंही पोचायला हवीत.

काकांनी ती फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, जुन्या मशीनवर नेली आणि फाइली एकामागून एक तिच्यावर सोडायला लागले. रूपांतरित मजकूर मूळ फाइलीच्या शेजारीच उमटतो, मूळ फाइलीला हात लागत नाही; ही त्यांचीच अट होती. मला त्यांचा फोन आला तो थेट दुसऱ्या विषयावर. त्यांच्या ओळखीच्या एका प्रेसकडे आणखी वेगळा फॉन्ट होता, त्याचा तक्ता माझ्याकडे नव्हता. "तुला फाइल पाठवू का, की पोराला करू दे?" पोरगा म्हणजे सेंटरमध्ये टायपिंगला येणारा, बारावी झालेला मुलगा.

त्याने 'सोर्स' चालवून आतलं सगळं बाहेर काढलं होतं. एका फॉन्टचा तक्ता समोर ठेवून दुसऱ्याचा लिहिला, आणि त्यात 'दर्या' आणि 'दऱ्या' यांच्यातला फरक सांभाळायला एक जास्तीची ओळ घातली, कारण त्या फॉन्टमध्ये चंद्रकोरीसारखा 'ऱ्' वेगळ्या जागी बसवलेला आहे. मग बांधायचं कशाने, म्हणून त्याने मला 'बिऱ्हाड' मागितलं. मी पाठवलं. आता त्या प्रेसकडे जो प्रोग्राम चालतो तो त्याने बांधलेला आहे. मॅकचा सेगमेंट जमला की त्याला आधी कळवायचं आहे, त्याच्या मावशीकडे मॅक आहे आणि तिथे तो तपासून बघणार आहे.